पाचर : गोल्फमधील एका दांडीचा इतिहास

सुताराच्या हत्यारपेटीत पाचरीला फारसा मान नसतो. लाकडाचा एक उतरता तुकडा, एवढेच तिचे रूप. परंतु ओंडका फोडावयाचा असो, चौकट घट्ट बसवावयाची असो, की कुऱ्हाडीचा ढिला झालेला दांडा पक्का करावयाचा असो, अखेर पाचरीवाचून भागत नाही. गोल्फ या खेळातील एका दांडीस इंग्रजीत 'वेज' म्हणजे पाचर असेच नाव पडले आहे. आखूड, जड डोक्याची आणि दिसावयास काहीशी बेढब अशी ही दांडी. मराठीत 'पाचर मारणे' म्हणजे दुसऱ्याच्या चाललेल्या कामात अडथळा आणणे. या पाचरीने मात्र अडलेल्या खेळाडूंची वाट मोकळी केली, आणि तसे करताना एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला. हत्याराने माणसाला किती मदत करावी? कोठपर्यंत ती मदत प्रामाणिक, आणि कोठून पुढे ती लबाडी?

गोल्फ हा आपल्याकडे मूठभरांचा खेळ राहिला असला, तरी तो या देशात नवा नाही. कलकत्त्यातील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातही गोल्फचे मैदान आहे. खेळाचे मर्म सांगण्यास सोपे आहे. विस्तीर्ण मैदानावर अठरा ठिकाणी जमिनीत लहान भोके असतात. चेंडू दांडीने मारीत मारीत क्रमाने एकेका भोकात घालावयाचा, आणि हे सर्व ज्याने कमीत कमी फटक्यांत केले तो जिंकला. प्रत्येक भोकाभोवती बारीक कापलेल्या गवताची हिरवळ असते, आणि त्या हिरवळीच्या आसपास वाळूचे खळगे असतात. त्यांना बंकर म्हणतात. लांब फटका मारून चेंडू हिरवळीच्या जवळ आणणे हा खेळाचा एक भाग. शेवटच्या शंभरेक यार्डांत तो नेमका भोकाशी नेऊन ठेवणे हा दुसरा. या दुसऱ्या भागाला 'शॉर्ट गेम', म्हणजे जवळचा खेळ, असे नाव आहे. पाचरीचे राज्य या शेवटच्या शंभर यार्डांत आहे.

या खेळाची जन्मभूमी स्कॉटलंडचा पूर्वकिनारा. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला तो वाळूचा, खुरट्या गवताचा पट्टा नांगरटीस निरुपयोगी होता, म्हणून तो मेंढ्यांना आणि खेळणाऱ्यांना मोकळा राहिला. वाऱ्यापासून निवारा मिळावा म्हणून मेंढ्या ज्या खोलगट जागी अंग चोरून बसत, तेथले गवत झिजून वाळू उघडी पडे, आणि त्यातूनच बंकर निर्माण झाले अशी परंपरागत समजूत आहे. येणेप्रमाणे खेळातील सर्वांत मोठे संकट कोणी मुद्दाम रचले नव्हते. ते तेथल्या जमिनीचेच होते.

त्या काळी चेंडू चामड्याचा असे व त्यात उकळलेली पिसे ठासून भरलेली असत. असा चेंडू तयार करणे हे जिकिरीचे काम असल्यामुळे तो महाग पडे, आणि लोखंडी दांडीचा एक चुकार घाव बसला की तो फाटून जाई. म्हणून दांड्या बहुतेक लाकडी असत. लोखंडी दांडी बाहेर निघे ती निरुपाय झाल्यावरच. गाडीच्या चाकोरीत चेंडू रुतला म्हणजे तेथून तो उकरून काढण्यासाठी एक लहान डोक्याची, जाड लोखंडी दांडी वापरीत. ती आजच्या वेजची दूरची पूर्वज होय.

सुमारे 1848 पासून चित्र पालटले. मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. ते स्वस्त होते व लोखंडाच्या घावाने फाटत नसत. उलट ओरखडे पडलेला चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षा सरळ जातो, असा अनुभव आला. लोखंडी दांड्यांना अशा रीतीने मोकळे रान मिळाले. 1868 पासून ओपन अजिंक्यपद चार वेळा पटकावणारा धाकटा टॉम मॉरिस याने चाकोरीतील ती दांडी चाकोरीबाहेर आणली. तिच्या उतरत्या मुखाने चेंडू उंच उडवून तो हिरवळीवर अलगद उतरवू लागला. संकटातून सुटण्याचे हत्यार त्याच्या हातात आक्रमणाचे हत्यार झाले. पुढे अशा दांडीस 'निब्लिक' हे नाव रूढ झाले.

वाळूचे संकट मात्र तसेच राहिले. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. नियमाप्रमाणे बंकरमध्ये फटक्यापूर्वी दांडी चेंडूमागे वाळूस टेकवता येत नाही आणि चेंडू हलवता येत नाही. जसा पडला तसा तो मारावयाचा. निब्लिकचे पाते पातळ व धारदार असे. ते वाळूत शिरले की कुदळीसारखे खोल रुतून बसे, आणि चेंडू जागचा हलत नसे. रुतण्याच्या भीतीने वरचेवर मारावे, तर धार चेंडूच्या पोटावर बसून तो हिरवळीपलीकडे भिरकावला जाई. मधली वाट म्हणजे वाळूस न शिवता केवळ चेंडू अलगद खुडून घेणे. ते शेकडा एखाद्यालाच साधे. मोठमोठ्या खेळाडूंचे हातही बंकरमध्ये कापत, आणि कित्येक सामने तेथेच हरले गेले.

हत्यारात सुधारणा करण्याचे प्रयत्न होऊ लागले, तेव्हाच न्यायाचा प्रश्न निघाला. 1921 साली सेंट अँड्र्यूज येथे जॉक हचिसन ओपन अजिंक्यपद जिंकला. तो याच गावात जन्मलेला, पण पुढे अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेला. त्याच्या लोखंडी दांड्यांच्या मुखावर खोल चर पाडलेले होते. त्यामुळे चेंडूस जबर उलटी फिरकी मिळे आणि हिरवळीवर पडताच तो जागीच थांबे. त्यानंतर लवकरच खेळाच्या ब्रिटिश नियामकांनी अशा चरांवर बंदी घातली. अमेरिकेनेही काही वर्षांनी तीच वाट धरली. चेंडू थांबवणे हे हाताचे कौशल्य असावे, लोखंडाचे नसावे, ही त्यामागची भूमिका होती.

दुसरा प्रयत्न वाळूपुरता होता. टेक्सासच्या एडविन मॅक्लेन याने 1928 साली एका दांडीचे पेटंट घेतले. तिचे डोके जड, तळ जाड आणि मुख मात्र चमच्यासारखे आत वळलेले. होर्टन स्मिथ या तरुण व्यावसायिकाने ती वापरली, आणि त्याच्याकडून ती बॉबी जोन्सपर्यंत पोचली. जोन्स हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. तो हौशी होता, खेळाच्या कमाईवर जगत नव्हता. 1930 साली त्याने एकाच वर्षात चारही मोठी अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी होयलेक येथील ओपन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत सोळाव्या भोकाजवळ त्याचा चेंडू बंकरमध्ये अशा अवघड जागी पडला की त्याला नीट उभेही राहता येईना. त्याने ती खोलगट दांडी काढली. चेंडू वाळूतून निघाला आणि भोकापासून काही इंचांवर येऊन थांबला. जोन्सने ती स्पर्धा अवघ्या 2 फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या स्थानावर दोघे होते. त्यांपैकी एक होता कार्नूस्टीचा मॅक्डॉनल्ड स्मिथ. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

1931 साली खोलगट मुखाच्या दांडीवर बंदी आली. तिचा आक्षेपार्ह दोष असा सांगितला गेला की तिच्या खोबणीत चेंडू एकाच फटक्यात दोनदा लागू शकतो. चेंडू मारावयाचा, तो डावाने वाढल्यासारखा उचलून टाकावयाचा नाही, हे खेळाचे मूलतत्त्व. त्या दृष्टीने ही बंदी रास्तच होती. पण वाळूचे संकट पुन्हा जसेच्या तसे उरले.

ज्याने हे संकट दूर केले त्याचे नाव जीन सारझेन. मूळ नाव युजेनिओ सारासेनी. जन्म 1902 साली न्यूयॉर्क राज्यातील हॅरिसन येथे. आईबाप इटलीतून आलेले गरीब कॅथलिक, बाप सुतार. वयाच्या आठव्या वर्षी हा मुलगा श्रीमंतांच्या गोल्फच्या पिशव्या वाहू लागला. पुढे बापाच्या धंद्यात हात घातला, पण न्यूमोनियाच्या जबर दुखण्यातून उठल्यावर मोकळ्या हवेत राहावयास हवे असे ठरले, आणि तो गोल्फकडे परतला. इटालियन नाव एखाद्या सारंगीवाल्यासारखे वाटते म्हणून त्याने ते बदलले. विसाव्या वर्षी, 1922 साली, तो अमेरिकेचा ओपन अजिंक्यवीर झाला.

त्या काळच्या व्यावसायिक खेळाडूची सामाजिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. जोन्ससारख्या हौशी खेळाडूला खेळ हा मान होता. सारझेनसारख्याला तो पोटाचा उद्योग होता. अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत व्यावसायिकांना क्लबच्या मुख्य इमारतीत मोकळा प्रवेश मिळाला तो 1920 साली, टोलिडो येथे. त्यापूर्वी खेळ त्यांचा आणि दिवाणखाना इतरांचा, अशी रीत होती. त्यात 1929 साली शेअर बाजार कोसळला आणि मंदीने अमेरिका ग्रासली. स्पर्धेत एखादा फटका वाया गेला, तर त्याचा हिशोब घरखर्चाच्या वहीत उमटत असे. सारझेनचे असे फटके वाया जात ते मुख्यतः वाळूत. 1923 साली ट्रून येथील ओपन स्पर्धेत, अमेरिकेचा विद्यमान विजेता असूनही, वादळी हवेत त्याला प्राथमिक फेरीही पार करता आली नव्हती. 1928 साली सँडविच येथे तो 2 फटक्यांनी दुसरा आला.

त्यानंतर जे घडले ते तो स्वतः पुढे अनेकदा सांगत असे. हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य वैमानिकाबरोबर तो एकदा विमानात बसला होता. विमान जमीन सोडताना शेपटी खाली झाली आणि नाक वर उचलले गेले. मागची बाजू खाली गेली की पुढची आपोआप वर येते, हे त्याने पाहिले, आणि निब्लिक वाळूत का रुतते याचे उत्तर त्याला त्यात दिसले. 1931 साली फ्लॉरिडातील न्यू पोर्ट रिची या गावी एका गॅरेजमध्ये त्याने काम सुरू केले. निब्लिकच्या तळव्यावर मागील बाजूस त्याने डाख देऊन धातू चढवला. मग कानशीने घासावे, वाळूत मारून पाहावे, पुन्हा डाख, पुन्हा कानस, असा क्रम चालला. अखेर तळव्याची मागील कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली.

हा फरक बोटभराचाही नाही, पण परिणाम मोठा आहे. हातात पटाशी धरणाऱ्यास तो चटकन समजेल. पटाशीची सपाट बाजू लाकडाकडे केली की ती खोल शिरते. उतरती बाजू खाली धरली की ती वर येऊ पाहते. नव्या दांडीचे तसेच झाले. तिचा फुगीर तळवा वाळूवर होडीच्या तळासारखा सरकू लागला. आता चेंडू खुडण्याची गरज उरली नाही. चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत निर्धास्तपणे दांडी मारावी. ती रुतत नाही, चेंडूखालून सरकत पुढे जाते, आणि वाळूचा पातळ थर चेंडूला घेऊन हिरवळीवर उडतो. दांडी चेंडूला लागतच नाही. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाची गोष्ट शुभवर्तमानात आहे. सारझेनने त्याच वाळूचा आधार घेण्याची युक्ती काढली. तळव्याला जाडी देण्याची कल्पना सर्वस्वी त्याची होती असे नव्हे, कारण मॅक्लेनच्या दांडीचा तळही जाड होता. परंतु मुख सपाट, नियमात बसणारे, आणि सारी करामत तळव्यात, हा मेळ त्याने घातला आणि हजारो फटक्यांच्या सरावाने सिद्ध केला.

1932 साली इंग्लंडमध्ये सँडविचजवळ प्रिन्सेस मैदानावर ओपन स्पर्धा भरली. आदल्याच वर्षी खोलगट दांडी बंद झालेली. आपली दांडी स्पर्धेपूर्वी कोणाच्या नजरेस पडली तर तीही बंद होईल, अशी सारझेनला धास्ती होती. म्हणून सरावाच्या दिवसांत तो ती पिशवीत उलटी ठेवी आणि संध्याकाळी कोटाखाली झाकून खोलीवर नेई. स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून तो आघाडीवर राहिला. चार फेऱ्यांत 70, 69, 70 आणि 74, एकूण 283 फटके. त्या स्पर्धेतील तो तोपर्यंतचा उच्चांक ठरला. पूर्वीचा 285 चा उच्चांक जोन्सचा होता. सारझेनच्या मागे 5 फटक्यांनी दुसरा आला तो मॅक्डॉनल्ड स्मिथ. दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या वाळूच्या दांड्या बाळगणाऱ्यांमागे तो दुसरा राहिला. ओपन अजिंक्यपद त्याच्या वाट्यास कधीच आले नाही. सुमारे दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडो मैदानावर सारझेनने शेवटची 28 भोके अवघ्या 100 फटक्यांत पार करून अमेरिकेचे ओपन अजिंक्यपदही घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सारझेनने दांडी लपवली म्हणून ती लबाडी ठरते काय? तसे म्हणता येत नाही. त्या दांडीत नियमाविरुद्ध काहीच नव्हते, आणि पुढे ती सर्वांनी पाहिली तेव्हा नियामकांनी तिला हरकत घेतली नाही. खोलगट मुखाने चेंडूवरील फटक्याचे स्वरूपच बदलले होते. सारझेनच्या दांडीने चेंडूला हात लावला नाही. तिने बदलले ते दांडी आणि जमीन यांचे नाते. फटका मारणाऱ्याला अंतर, वेग आणि दिशा स्वतःच साधावी लागे. जे हत्यार कामाचा निकाल स्वतः लावते ते कौशल्य हिरावून घेते. जे हत्यार केवळ भीती घालवते ते कौशल्याला वाव देते. बंदी आणि मान्यता यांमधली सीमारेषा ढोबळ मानाने येथे दिसते. लपवाछपवीचे मूळ सारझेनच्या मनातील भीतीत होते. ज्याचे पोट एका दांडीवर अवलंबून आहे, त्याला नियम करणाऱ्यांच्या न्यायबुद्धीवर विसंबून राहणे सोपे नसते.

पुढील काळात या दांडीचा वंश वाढला. 1938 साली अमेरिकेत आणि 1939 साली ब्रिटनमध्ये पिशवीतील दांड्यांची संख्या 14 वर मर्यादित झाली. तत्पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस दांड्या घेऊन फिरत. मर्यादा आल्यावर कोणती ठेवावी आणि कोणती टाकावी हा विचार अपरिहार्य झाला. वाळूच्या वेजशेजारी 'पिचिंग वेज' स्थिर झाली. पुढे कारखानदारांनी लांब फटक्यांच्या मोहापायी लोखंडी दांड्यांच्या मुखांचा कल कमी कमी करत नेला. पिचिंग वेजही त्यात ओढली गेली, आणि तिच्यात व वाळूच्या वेजमध्ये मोठी दरी पडली. ती भरण्यासाठी 'गॅप वेज', म्हणजे दरीचीच दांडी, काढावी लागली.

चौथीचा इतिहास एका शास्त्रज्ञाशी निगडित आहे. डेव्ह पेल्झ हा अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेत काम केलेला पदार्थवैज्ञानिक. त्याने स्पर्धांतील फटके मोजण्यास सुरुवात केली. खेळातील सुमारे 60 ते 65 टक्के फटके शंभर यार्डांच्या आत पडतात, असे त्याने मांडले. त्याच्या सल्ल्याने टॉम काइट या खेळाडूने 1980 च्या सुमारास 60 अंश कलाची वेज पिशवीत घेतली. चेंडू जवळजवळ सरळ वर उडवून लगेच खाली आणणारी ही 'लॉब वेज'. 1992 साली पेबल बीच येथे अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत, शेवटच्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात, सातव्या भोकावर काइटने याच दांडीने हिरवळीबाहेरून चेंडू थेट भोकात घातला आणि तो विजयी झाला.

हचिसनच्या चरांचा वादही नव्या रूपाने परतला. 1980 नंतरच्या दशकात चौकोनी कडांचे चर असलेल्या दांड्या आल्या, आणि कार्स्टन सोल्हाइमच्या पिंग कंपनीचा नियामकांशी मोठा तंटा झाला. गवत आणि पाणी चराबाहेर काढून चेंडूवर पकड ठेवणे हे चराचे काम. ते फार चांगले झाले, तर उंच गवतात पडलेल्या चेंडूलाही फिरकी मिळते आणि सरळ मारणाऱ्याचा लाभ नाहीसा होतो. अखेर 2010 पासून व्यावसायिक स्पर्धांत, 25 अंश किंवा त्याहून अधिक कलाच्या दांड्यांच्या चरांचे आकारमान व कडांची धार यांवर मर्यादा घातल्या गेल्या. 1921 सालच्या प्रश्नाचे उत्तर असे नव्वद वर्षे शोधले जात होते.

दांडी निवडू पाहणाऱ्यास या इतिहासातून व्यावहारिक बोधही मिळतो. आज पिचिंग वेजचा कल साधारण 44 ते 48 अंश, गॅप वेजचा 50 ते 52, वाळूच्या वेजचा 54 ते 58, आणि लॉब वेजचा 58 ते 62 असतो. प्रथम आपल्या पिचिंग वेजचा कल किती तो विचारावा, आणि तेथून चार ते सहा अंशांच्या पायऱ्यांनी वर जावे. पायऱ्या समान असल्या म्हणजे अंतरेही समान पडतात. नवशिक्यास सुरुवातीस लॉब वेजची गरज नसते. ती हातात सफाई आल्यावरच उपयोगी पडते. तोवर घातच करते.

दुसरी गोष्ट तळव्याची. मागील कड पुढच्या धारेपेक्षा किती खाली आहे हे दाखवणाऱ्या कोनाला 'बाउन्स' म्हणतात. मऊ, खोल वाळूत आणि ओल्या, भुसभुशीत जमिनीवर दहा अंशांहून अधिक बाउन्स उपकारक ठरतो. कठीण जमिनीवर तोच अपकारक, कारण तळवा आपटून वर उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर बसते. दख्खनची जमीन वैशाखात विटेसारखी भाजून निघते व श्रावणात लोण्यासारखी होते. येथील खेळाडूने म्हणूनच दुकानातील चकाकीपेक्षा आपल्या मैदानाची माती पाहावी. जो फटका उतरत्या मार्गाने खोल मारतो त्याला जास्त बाउन्स हवा. जो वरचेवर झाडल्यासारखा मारतो त्याला कमी.

सरावाचे नियम थोडके आहेत. बंकरमध्ये दांडीचे मुख किंचित उघडे ठेवावे, म्हणजे तळवा आपोआप पुढे येतो. चेंडू पाहण्याऐवजी त्याच्या मागची वाळू पाहावी आणि फटका मध्येच थांबवू नये. भीतीने हात आखडला की उत्तम दांडीही रुतते. हिरवळीच्या कडेवरून खेळताना वजन पुढच्या पायावर ठेवावे. चेंडू जमिनीवरून घरंगळत नेता येत असेल तर तो उगाच उडवू नये. अंतर जोर वाढवून साधू नये. दांडी मागे किती न्यावयाची त्याचे माप ठरवून साधावे. पाव, अर्धा आणि पाऊण झोक, अशा तीन मापांनी प्रत्येक वेज किती अंतर जाते ते पावलांनी मोजून लिहून ठेवावे.

जवळचा खेळ म्हणजेच सर्व खेळ, असेही समजू नये. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी स्पर्धांतील असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून 2014 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तम आणि सामान्य व्यावसायिकांतील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लांबच्या फटक्यांतून येतो, असे त्यांनी दाखवले. तथापि साध्या खेळाडूस अंगबळ वाढवणे कठीण असते. शेवटच्या शंभर यार्डांतील दुरुस्ती मात्र घराच्या अंगणात, वय झाल्यावरही, करता येते. आणि हत्याराला हाताची जागा घेता येत नाही. स्पेनच्या पेद्रेन्या गावातील सेव्हे बायेस्तेरोस हा शेतकऱ्याचा मुलगा. समुद्रकाठच्या वाळूत एका जुन्या तीन क्रमांकाच्या लोखंडी दांडीने तो खेळ शिकला. ती दांडी वाळूसाठी नव्हतीच. तिच्याकडून उंच, मऊ, वळणदार फटके काढता काढता त्याचा हात असा तयार झाला की पुढे तीन वेळा ओपन जिंकणाऱ्या या खेळाडूच्या तोडीचा जवळचा खेळ क्वचितच कोणी केला.

सारझेनने 1935 साली ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि चारही आधुनिक अजिंक्यपदे मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. 2025 पर्यंत तेथे पोचलेले सहाच आहेत. 1973 साली, एकाहत्तराव्या वर्षी, तो ट्रूनला परत आला. तेथे प्राथमिक फेरीत बाद झाल्यास पन्नास वर्षे लोटली होती. तेथील आठवे भोक लांबीने 126 यार्डांचे, पण भोवती बंकरांचा वेढा. पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात घातला. दुसऱ्या दिवशी चेंडू बंकरमध्ये पडला. त्याने वाळूची वेज काढली, चेंडूमागे वाळूत मारली, आणि चेंडू उडून हिरवळीवरून घरंगळत भोकात गेला. दोन दिवसांत त्या भोकावर त्याने एकूण तीनच फटके खर्च केले.

1999 साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, सारझेन वारला. गॅरेजमध्ये कानस घेऊन बसलेल्या त्या सुताराच्या मुलाने खेळातील एक धास्ती कमी केली आणि कौशल्य ज्याचे त्याच्याकडेच ठेवले. पुढे कोणी नवी दांडी पुढे केली, की ती न्याय्य आहे की नाही हे पारखण्यास एवढी कसोटी पुरते.